चावी काढली तरी चालूच

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टींची वाट बघणं चाललं होतं. एक माझ्या बारावीच्या निकालाची, आणि दुसरी, सक्सेना आंटींची गाडी एकदा तरी चावीनं बंद होण्याची. पहिल्या गोष्टीत माझ्या हातात काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे मी दुसरीच्या मागे लागले. मला गाड्यांची आवड होती असं मुळीच नाही. मला तेव्हा कशाचीच धड आवड नव्हती. सतरा वर्षांच्या मुलीला मे महिन्यातल्या लखनौमध्ये दुपारी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, एवढंच.

आम्ही आलमबागच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे सक्सेना वकिलांचा जुना बंगला. घरात दिवसभर कूलरची घरघर असायची आणि त्यातल्या पंपाचं पाणी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीवरून ठिबकत राहायचं. बाहेर बसस्टँडवरचे कंडक्टर गावांची नावं ओरडायचे, आणि ती नावं त्या घरघरीत मिसळून आत यायची. स्वयंपाकघरात मात्र सांगली होती. आईचा काळा मसाला माहेरून पत्र्याच्या डब्यातून यायचा, आणि ती आमटीला फोडणी द्यायची तेव्हा शेजारची मिश्राइन हमखास विचारायची, "भाभीजी, क्या जल रहा है?" आई हसून सांगायची, "जलता नहीं, शिजता है." बारा-तेरा वर्षं राहूनही तिची हिंदी अशीच होती. माझं उलटं होतं. आईनं "मधू, जेवायला ये" म्हटलं की मी "आ रही हूँ" म्हणायचे. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. बाबा दोघींशी थोडं थोडं बोलायचे, म्हणजे जवळजवळ कोणाशीच नाही.

बाबा रेल्वेच्या कचेरीत नकाशांच्या विभागात होते. पांढरा कागद, काळी शाई, टोकदार पेन्सिली. त्यांच्या हातची अक्षरं छापल्यासारखी असत. आमच्या घरात त्यांच्याबद्दलची एक गोष्ट होती, आणि ती मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाली असावी. मी पाच वर्षांची असताना बाबांना बढती मिळत होती. मिरजेच्या बाजूला, लाइनवरचं काम, साहेबाचा हुद्दा. मिरजेहून आईचं माहेर म्हणजे जेवून निघावं आणि चहाला पोचावं इतकं जवळ. पण त्या नोकरीत सारखं स्टेशनं बदलत हिंडायचं होतं, आणि इथे माझं नाव नुकतंच चांगल्या शाळेत लागलं होतं. बाबांनी बढती नाकारली. माझ्या शाळेसाठी. आई ही गोष्ट सगळ्यांना सांगायची, पाहुण्यांना, मिश्राइनला, दूधवाल्यालासुद्धा. मला ती दर परीक्षेच्या आधी सांगायची. "तुझ्यासाठी ह्यांनी बढती सोडली, आणि मी माहेर सोडलं ते सोडलंच. आता तू इंजिनीयर हो म्हणजे झालं." बाबा अशा वेळी पेपर वाचत असत.

गाडी आमच्याकडे आली ती सक्सेना आंटींमुळे. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची काळी विलायती गाडी बंगल्याच्या गॅरेजमध्ये चारी चाकांची हवा गेलेल्या अवस्थेत उभी होती. जाड, गोलाकार, पुढच्या दिव्यांचे डोळे मोठे करून बघणारी. आंटींचा मुलगा त्यांना जुलैत कायमचं बंगलोरला घेऊन जाणार होता. एका संध्याकाळी त्या भिंतीजवळ येऊन बाबांना म्हणाल्या, "कुलकर्नी साहब, आप नक्शे बनाते हैं, गाड़ी भी बना लेंगे. एक बार मुझे इसी में अमीनाबाद ले चलिए, जैसे वकील साहब ले जाते थे. फिर गाड़ी आपकी." बाबांनी तोवर सायकलीचं पंक्चरही घरी काढलं नव्हतं. ते "हो" म्हणाले तेव्हा आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

ते मार्चमध्ये कामाला लागले. गाडीचं इंजिन वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं, पण विजेच्या तारा गेलेल्या होत्या. तारांवरचं कापडी वेष्टण उंदरांनी खाल्लं होतं, उरलेलं हात लावला की भुगा होत होतं. बाबांनी वकीलसाहेबांच्या कपाटातलं गाडीचं पुस्तक मिळवलं, त्यावरून तारांचा नकाशा एका मोठ्या कागदावर स्वतः काढला, आणि लाटूश रोडवरून नव्या प्लॅस्टिकच्या तारांची रिळं आणली. दुकानदाराकडून त्यांनी प्रत्येक रिळाला रंगाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून घेतली होती. मला तेव्हा ते त्यांच्या टापटिपीतलं वाटलं. दोन महिने रोज कचेरीतून आल्यावर ते तारा ओढत होते. आई म्हणायची, "अहो, मिस्त्रीला बोलवा की एखाद्या." ते म्हणायचे, "मिस्त्री कशाला? नकाशा आहे ना." नकाशा खरोखर सुंदर होता. सगळ्या रेघा काळ्या, आणि प्रत्येक रेघेवर बारीक अक्षरांत रंगाचं नाव.

मेच्या सुरुवातीला गाडी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या, आंटींनी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. मग बाबांनी चावी फिरवून बंद केली, आणि इंजिन चालूच राहिलं. त्यांनी चावी काढून हातात घेतली. इंजिन चालूच. बाबा चावीकडे आणि आम्ही बाबांकडे बघत होतो. शेवटी त्यांनी ब्रेक दाबून धरला, गिअर टाकला आणि क्लच सोडला, तशी गाडी एक मोठा आचका देऊन गप्प झाली.

तिथून आमचा गोंधळ सुरू झाला. हॉर्न वाजत नव्हता. वायपर हलत नव्हता. बाबा म्हणाले, चावीचा स्विच खराब आहे. त्यांनी दुसरा आणला. तेच. तिसरा आणला. तेच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बॅटरी. काही सकाळी ती ठणठणीत असे, काही सकाळी पार मेलेली. आम्ही त्यात काही क्रम शोधायचा खूप प्रयत्न केला. मी वहीत लिहून ठेवत होते: सोमवार बरी, मंगळवार मेली, बुधवार बरी, गुरुवार बरी, शुक्रवार मेली. बाबांना वाटायचं उष्म्याचा परिणाम असेल. मला वाटायचं कोणीतरी गॅरेजमध्ये येऊन काहीतरी करतं. आईला वाटायचं गाडीवर वकीलसाहेबांचा जीव आहे, आणि हे ती थट्टेत म्हणते की खरंच, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आज मला त्यामागचं कारण माहीत आहे. वीज आत सतत पोचत होती, आणि इंजिन नेमकं कुठल्या क्षणी थांबलं, आतले दोन बारीक तुकडे एकमेकांना टेकलेले राहिले की सुटलेले, यावर रात्रभर बॅटरी गळणार की नाही हे ठरत होतं. पण तेव्हा ते कळायला आम्हांला काही मार्ग नव्हता. गाडीचा लहरीपणा आम्ही तिचा स्वभाव धरून चाललो होतो.

जूनच्या पहिल्या रविवारी बाबांनी ठरवलं की आता थांबायचं नाही. मुलाकडून आंटींचं बंगलोरचं तिकीट आलं होतं. सकाळी आठ वाजता आंटी चिकनकारीची पांढरी साडी नेसून, हातात पर्स घेऊन गॅरेजपाशी उभ्या राहिल्या. गाडीत त्या पुढे बसल्या, मी मागे. आईनं वाटेत खायला धपाटे बांधून दिले. गाडी छान चालली. चारबागच्या पुढे आंटींनी काच खाली केली आणि हात बाहेर ठेवला.  अमीनाबादच्या तोंडाशी मात्र रिक्षा, हातगाड्या, माणसं, आणि आमच्याकडे हॉर्न नाही. बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून "भाई साहब, ज़रा... भाई साहब" करत होते. मग एका कापडाच्या दुकानासमोर त्यांनी गाडी उभी केली, चावी फिरवली, आणि नेहमीप्रमाणे गाडी आचका देऊन बंद करायला गेले, तर ब्रेकवरचा पाय सटकला. गाडी एक उडी मारून समोरच्या माठांच्या हातगाडीवर गेली. दोन माठ फुटले. कोणाला लागलं नाही. पण इंजिन अजून चालू होतं, गर्दी जमली होती, आणि बोनटमधून जळका वास येत होता.

शेजारच्या बॅटरीवाल्या दुकानातून एक म्हातारा बाहेर आला. त्यानं न विचारता बोनट उघडलं, हात घातला आणि एक तार उपसून काढली. इंजिन बंद पडलं. ती तार जिथे जोडलेली होती तो कॉइलचा, म्हणजे इंजिनच्या ठिणगीला वीज पुरवणारा, डबा इतका तापला होता की त्यानं बोट लावून लगेच झटकलं. "साहब," तो म्हणाला, "इस गाड़ी में चाबी का तो कोई काम ही नहीं है." लोक हसले. बाबांनीही हसायचा प्रयत्न केला. तो पुढे वाकून म्हणाला, "तार किसी ने उलटे-सीधे लगाए हैं. वो जो..." पण बाबांनी बोनट खाली घेतलं. "मैं देख लूँगा." इतक्या तुटकपणे मी त्यांना कोणाशी बोलताना ऐकलं नव्हतं. आंटी काही खरेदी न करता माझ्याबरोबर रिक्षानं घरी आल्या. वाटेत त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बेटा, पापा को डाँटना मत." मी बाबांना रागावीन असं त्यांना का वाटलं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर मी एकटी गॅरेजमध्ये गेले. लूचा गरम वारा वाहत होता, पत्र्याचं दार तापलं होतं. माझ्याकडे बाबांचा नकाशा होता आणि त्यांनीच बनवलेला तपासणीचा दिवा: एक लहानसा बल्ब, त्याला दोन तारा. एक तार गाडीच्या पत्र्याला लावायची, दुसरीनं हवं तिथे शिवायचं. वीज असेल तर बल्ब पेटतो. चावी माझ्या खिशात होती. मी कॉइलला शिवले. बल्ब पेटला. म्हणजे स्विचमधून वीज येतेय, असं बाबा म्हणायचे. मग मी स्विचच्या मागच्या सगळ्या तारा सोडवून बाजूला केल्या. पुन्हा कॉइलला शिवले. बल्ब पेटलाच.

 स्विच जोडलेलाच नाही, तरी वीज येतेय. मग ती येते कुठून? मी एकेक गोष्ट काढत गेले. दिव्यांची तार काढली, बल्ब पेटलेला. दुसरी काढली, पेटलेला. शेवटी फ्यूजच्या पेटीतला दुसरा फ्यूज उपटला, आणि बल्ब विझला. परत लावला, पेटला. पेटीवर चार स्क्रू होते. नकाशात पहिल्यावर लिहिलं होतं "तपकिरी, बॅटरीकडून". चौथ्यावर "हिरवी, वायपरकडे". गाडीत पहिल्या स्क्रूला हिरवी तार होती आणि चौथ्याला तपकिरी. बॅटरीची वीज चुकीच्या टोकातून शिरून फ्यूजमधून उलटी कॉइलकडे जात होती, चावीला न विचारता. जिथे वीज जायला हवी होती तो हॉर्न कोरडा राहिला होता. दोन महिने, तीन स्विच, फुटलेले माठ, आणि चूक इतकी सोपी! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग वाटलं, बाबांनी हे मुद्दाम केलं असेल, काहीतरी कारण असेल, त्यांच्या हातून असं कसं होईल? मी काहीच बदललं नाही. त्यांची वाट बघत बसले.

ते पाच वाजता आले, हातात खरबुजाची पिशवी. मी त्यांना ओढतच नेलं. "बाबा, देखो, पहले वाले पर हरी लगी है. ब्राउन चाहिए था."

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. "तपकिरीच आहे ती," ते म्हणाले.

मी हसले. मला खरंच वाटलं ते थट्टा करताहेत. "हरी है, बाबा!"

"तपकिरी आहे." त्यांचा आवाज थंड होता. "मी चिठ्ठी बघून कापली होती."

आता पुढे मी जे केलं ते मला आजही सांगावंसं वाटत नाही. मी कोपऱ्यातून दोन्ही रिळं आणली. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या, पाठीमागे धरून रिळं अदलाबदल केली आणि त्यांच्यासमोर धरली. "यातली हिरवी कुठली?" हे मी मराठीत विचारलं होतं, ते आठवतं. बाबांनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. रिळं हातात घेतली, दाराशी उजेडात नेली, वजन करावं तशी खालीवर केली. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी दोन्ही रिळं माझ्या हातात परत दिली आणि गाडीच्या पायरीवर बसले.

"तू सांग," ते म्हणाले.

मला एकेक आठवायला लागलं. बाबा आंबे, टोमॅटो नेहमी दाबून घ्यायचे, रंगावरून कधी नाही. आईनं "तो हिरवा शर्ट द्या" म्हटलं की दोरीवरचे दोन-तीन एकदम उचलून आणायचे. आई म्हणायची, लक्ष नसतं ह्यांचं. मी विचारलं, "लहानपणापासून?" ते म्हणाले, "हो." आणि मग, मी काहीही विचारलं नसताना, "त्या बढतीच्या वेळी डोळ्यांची तपासणी होती. ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यात आकडे लपवलेले असतात. लाइनवर सिग्नल बघत हिंडायचं, म्हणजे ती तपासणी चुकत नाही. आणि चुकवूही नये. मी आदल्या दिवशीच नाव मागे घेतलं."

"मग शाळा?"

"तुझी शाळा त्याच वर्षी सुरू झाली होती," बाबा म्हणाले. "ते खोटं नव्हतं."

पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या मुलानं तिसरीत असताना एका झाडाला सगळी तपकिरी पानं काढली, तेव्हा बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे आजोबांकडून आईमार्गे येतं. मी बाबांना लखनौला फोन केला.  ते म्हणाले, "त्याला सांग, पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाक म्हणावं." बस, एवढंच.

तर त्या संध्याकाळी मी दोन स्क्रू सोडवले, दोन तारांची जागा बदलली, स्विचच्या तारा बसवल्या. बाबा नकाशा धरून उभे होते, मी रंग वाचत होते. मग त्यांनी गाडी सुरू केली, हॉर्न दाबला, आणि मिश्राइनचं पोर भिंतीवर चढून बघायला लागलं. चावी फिरवली. इंजिन थांबलं, आचका न देता, शांतपणे. "हं," बाबा म्हणाले. आम्ही एकमेकांकडे न बघता खरबूज कापायला घरात गेलो. आईला सांगू नको असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. रविवारी आंटींना अमीनाबादला नेलं, त्यांनी तीन तास खरेदी केली, माठवाल्याला बाबांनी हात जोडले. आंटी परतताना रडल्या. सगळं सुरळीत झालं होतं, आणि माझी झोप उडाली होती.

कारण मला कळत नव्हतं मला काय वाटतंय. बारा वर्षं मी एक ओझं वागवत आले होते आणि ते माझं नव्हतंच. मला हलकं वाटायला हवं होतं. कधी वाटायचंही. कधी बाबांचा राग यायचा, आणि लगेच ती दोन रिळं आठवून स्वतःची लाज वाटायची. कधी वाटायचं, ते तपासणीला बसले नाहीत हेच किती बरं केलं. मग आई मिरजेची गोष्ट मिश्राइनला सांगताना दिसायची, आणि पुन्हा सगळं उलटंपालटं.

निकाल लागला. मार्क ठीक होते. आईनं इंजिनीयरिंगचे फॉर्म टेबलावर मांडले, मी म्हटलं, उद्या भरते. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ह्यांनी तुझ्यासाठी बढती सोडली, आणि तुला फॉर्म भरायला हात उचलवेना?"

"मेरे लिए नहीं छोड़ी थी!" मी ओरडले. आणि मग थांबता आलं नाही. डोळे, ठिपके, तपासणी, सगळं. हिंदीत, भराभरा.

आईनं हातातली पोळी पूर्ण लाटली. तव्यावर टाकली, भाजली, उतरवली. गॅस बंद केला. मग पीठ लागलेल्या हातांनी ती अंगणाच्या दारातून बाहेर पडली आणि गॅरेजकडे गेली. मी मागोमाग गेले, दाराशीच थांबले. सुट्टीचा दिवस होता, बाबा गाडी पुसत होते.

"आपल्या लग्नात माझा चुडा कुठल्या रंगाचा होता?" आईनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. "हिरवा असतो," ते म्हणाले.

"असतो ते मला माहीत आहे. तुम्हांला कसा दिसला?"

"मातीसारखा." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "सगळे म्हणत होते, हिरवा किती खुलतोय. मी हो म्हणत होतो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? लग्नाआधी नाही तर नाही, नंतर? मी बारा वर्षं ह्या उन्हात..." तिनं पिठाचा हात गाडीच्या दारावर टेकवला. "माझी आई गेली तेव्हा मला दोन दिवस लागले पोचायला. दोन दिवस! तिथे असते तर..."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तेव्हा सांगणार होतो. मग आणखीच सांगता येईना."

मला वाटलं ती आता काहीतरी फेकेल, नाहीतर रडेल. तिनं दोन्ही केलं नाही. गाडीच्या काळ्या दारावर तिच्या हाताचा पिठाचा ठसा उमटला होता, तो तिनं पदरानं पुसला आणि आत निघून गेली.

त्यानंतर नऊ दिवस ती बाबांशी बोलली नाही. वाढायची, गरम पोळी वाढायची, पण बोलायची माझ्यामार्फत. "मधू, त्यांना विचार, आमटी हवी का." बाबा समोरच बसलेले. "हवी म्हणावं," बाबा म्हणायचे. मी दोघांच्या मध्ये बसून निरोप पोचवत होते आणि मी केलं ते बरोबर की चूक हे ठरवत होते. ते अजून ठरलेलं नाही. दहाव्या दिवशी त्या दोघांत काय झालं, मला माहीत नाही. मी मैत्रिणीकडून परत आले तर बाबा बाजारातून भाजी घेऊन आलेले होते आणि आई टोमॅटो एकेक उचलून त्यांना सांगत होती, हा कच्चा, हा पिकलेला, हा कच्चा. तिच्या आवाजात राग होता की नव्हता, तेही मला ओळखता आलं नाही.

फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा आई दुपारी कूलरसमोर तांदूळ निवडत बसली होती. मी फॉर्म घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, भरते. खरं तर मी माफी मागायला गेले होते. तिनं फॉर्म घेतले, घडी केली, मांडीखाली ठेवले.

"मधू," ती म्हणाली, "तुला काय करायचंय?"

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं. मला वाटलं, उत्तर आत कुठेतरी तयार असेल, इतकी वर्षं अडकून पडलेलं. तिथे काहीच नव्हतं. इंजिनीयर व्हायचं नाही असंही नव्हतं, आणि व्हायचंय असंही नव्हतं. आई वर बघत थांबली होती, हातातला तांदूळ तसाच धरून.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, ती चिडेल. तिनं मान हलवली, जणू तिला हेच हवं होतं, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "बरं. मग बस इथं. खडे बघ."

मी बसले, आणि कितीतरी वेळ नुसते तांदूळ इकडचे तिकडे करत राहिले.